स्लिपमधला तो झेल, आणि झेलामागे झाकला गेलेला लेव्हरॉक

चौथी स्लिप

परवा पुतण्याने फोन नाकासमोर धरला. "काका, हा जाड्या बघा, कसला उडलाय!" बघितलं तर आपला ड्वेन लेव्हरॉक. पोरगं २००९ सालचं, म्हणजे झेल याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याला खेळाडूचं नाव माहीत नाही, संघ माहीत नाही, सामना कुठला तेही माहीत नाही. जाड्या आणि उडी, एवढंच पोचलंय. रात्री झोप येईना, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी आधी प्रसंग. मार्च २००७, वेस्ट इंडीजमधला विश्वचषक. १७ तारखेला, शनिवारी, आपण बांगलादेशकडून हरलो. रांचीत लोक धोनीच्या अर्धवट बांधलेल्या घरावर चालून गेले, ठिकठिकाणी पुतळे जाळले. सोमवारी १९ तारखेला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बर्म्युडाशी सामना, आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता. नाणेफेक बर्म्युडाने जिंकली आणि त्यांनी आपल्याला फलंदाजी दिली. दुसरं षटक टाकायला मलाकाय जोन्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला. पहिलाच चेंडू, उथप्पाच्या बॅटची कड, आणि स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या बाजूला, उभा असलेला सव्वाशे किलोचा माणूस उजवीकडे आडवा झाला. एका हातात चेंडू. उठला तो थेट धावतच सुटला, हवेत मुके उडवत, आणि सगळा संघ त्याच्या मागे. भारत १ बाद ३. आमच्या चाळीत त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. सेहवाग ११४, गांगुली ८९, युवराज ८३, सचिन २९ चेंडूंत नाबाद ५७, एकूण ५ बाद ४१३. विश्वचषकात चारशेच्या वर कोणी तोवर गेलंच नव्हतं. बर्म्युडा सर्वबाद १५६.

पण हा धागा झेलावर नाही. लेव्हरॉक मुळात गोलंदाज होता, ही गोष्ट आपण सगळे विसरलो म्हणून आहे. डावखुरा संथ फिरकी गोलंदाज. चार पावलांचा स्टार्ट, खांद्यावरून येणारा सरळ हात, चेंडूला हवेत पुरेसा वेळ. पोटापाण्याला पोलीस खात्यात, कैद्यांची व्हॅन चालवायचा. जन्म जुलै १९७१ चा. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला मे २००६ मध्ये, वय चौतीस वर्षं दहा महिने. ज्या वयात आपल्याकडे समालोचनाच्या खोलीतली खुर्ची बघायला लागतात, त्या वयात गड्याची कारकीर्द सुरू झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोम्बासात केनियाविरुद्ध त्याने ५३ धावांत ५ बळी घेतले. एकदिवसीय सामन्यात बर्म्युडाच्या कोणी पाच बळी घेण्याची ती पहिलीच वेळ. विश्वचषकाआधी सेंट व्हिन्सेंटला इंग्लंडशी सराव सामना झाला. त्यात १० षटकांत ३२ धावा देऊन याने पीटरसन आणि कॉलिंगवूड या दोघांना घरी पाठवलं. (नंतर बर्म्युडाचा डाव ४५ धावांत आटोपला, हा भाग वेगळा.) एकूण ३२ एकदिवसीय सामने, ३४ बळी. त्या चिमुकल्या बेटदेशाचा या प्रकारातला सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज आजही तोच.

माझं म्हणणं एवढंच की, हे सगळं एका उडीखाली गाडलं गेलं. तुम्हाला काय आठवतंय ते लिहा.

आळशी मांजर

पहिला प्रतिसाद माझा! झेल आठवतोय. दहावीची परीक्षा चालू होती आणि आईने टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली होती. शेजारच्या काकूंकडे "गणिताची शंका विचारायला" गेले होते.

बाय द वे, आमच्या घरात 'बर्म्युडा' म्हटलं की दोरीवर वाळत घातलेली बाबांची चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. क्रिकेटच्या संघाचं नाव असं का, हा प्रश्न मला त्या दिवशी खरोखर पडला होता.

शुद्धिपत्र

धागा छान. पण 'बेटदेश' खटकलं. बर्म्युडा हा स्वतंत्र देश नाही, ब्रिटनच्या ताब्यातला सागरपार प्रदेश आहे. शिवाय तो कॅरिबियनमध्येही नाही. नकाशात बघा, उत्तर अटलांटिकमध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर हजार किलोमीटरवर एकटाच ठिपका आहे. म्हणून तिथले खेळाडू वेस्ट इंडीजच्या संघात येत नाहीत, बर्म्युडाचा संघ वेगळा.

चौथी स्लिप

@शुद्धिपत्र, मान्य. देश म्हणा, प्रदेश म्हणा, जर्सीवर नाव त्याचंच होतं. वर बदल करत नाही, नाहीतर तुमच्या प्रतिसादाला अर्थ उरायचा नाही.

खडूस दादरकर

सगळे गोग्गोड लिहिताय म्हणून जरा कडू लिहितो.

दहा षटकं, ९६ धावा, एक बळी. हे त्या दिवशीचं लेव्हरॉकचं पृथक्करण, धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळलेलं. झेल एक आणि धावा शहाण्णव. विश्वचषक म्हणजे काय जत्रा आहे का, हौशे-नवशे-गवशे सगळ्यांनी यावं? आधी श्रीलंकेने त्यांना ७८ मध्ये गुंडाळून २४३ धावांनी हरवलं, मग आपण २५७ धावांनी. त्यात क्रिकेट किती होतं? आणि ३४ बळी कोणाचे? कॅनडा, केनिया, नेदरलँड्स, स्कॉटलंड. आमच्या मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये याहून बरे डावखुरे पडलेले असायचे, ओल्या विकेटवर तर खेळता यायचं नाही त्यांना.

माणूस गोड होता, हे मान्य. गोलंदाज म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण दिसत नाही.

आकडेमोडे काका

@खडूस दादरकर, ९६ बरोबर. पण तो एक बळी कोणाचा, तेही लिहायचं होतं. गांगुली, ८९ वर, यष्टिचित. म्हणजे पुढे सरसावलेल्या गांगुलीला चकवून. जगातल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांना ज्याने वर्षानुवर्षं प्रेक्षकांत भिरकावलं, त्या माणसाला.

आता बाकीचा हिशेब. बर्म्युडाला एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळाला तो २००५ च्या आयर्लंडमधल्या आयसीसी ट्रॉफीमुळे, म्हणजे छोट्या संघांच्या विश्वचषक पात्रता स्पर्धेमुळे. तिथे ते चौथे आले, पहिल्या पाचांना विश्वचषकाचं तिकीट होतं. २००६ पासून दर्जा सुरू, पहिला सामना १७ मे २००६ ला कॅनडाशी, तोही त्यांनी जिंकला. एप्रिल २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली पात्रता स्पर्धा झाली, त्यात ते मागे पडले आणि दर्जा गेला. एकूण ३५ सामने, ७ विजय. त्यातले ३२ लेव्हरॉक खेळला. त्यामुळे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आणि बर्म्युडाची एकदिवसीय कारकीर्द या जवळपास एकच गोष्ट आहेत. तीन वर्षांची. संघाबरोबर आला, संघाबरोबर गेला.

लेव्हरॉकची सरासरी एका बळीमागे ३३ धावांच्या आसपास. ज्या संघाची फलंदाजी ४५ आणि ७८ मध्ये संपते, त्या संघाच्या गोलंदाजामागे धावांचा दबाव नावाची गोष्टच नसते. समोरचा फलंदाज निवांत खेळतो. ते धरून ३३ कडे बघा.

आणि एक गंमत. २००९ ला एकदिवसीय दर्जा असलेल्या सहा सहयोगी (कसोटी न खेळणाऱ्या) संघांतला बर्म्युडा बाहेर पडला आणि त्याच्या जागी नवा एकच संघ आत आला. अफगाणिस्तान.

आळशी मांजर

काय सांगता! म्हणजे खुर्ची तीच, माणूस बदलला. हे माहीत नव्हतं.

जुना गडी

वय झाल्यामुळे लांबट लिहितो, सांभाळून घ्या.

दादरकरांनी कांगा लीग काढली म्हणून. शिवाजी पार्कला आम्ही पॅडी शिवलकरांना बघत मोठे झालो. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी सामने शून्य. का, तर त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. डावखुऱ्या संथ फिरकीची एकच जागा आणि ती भरलेली. एवढ्या मोठ्या देशात जन्माला येण्याची ती किंमत. लेव्हरॉकचं बरोबर उलटं. पासष्ट हजार माणसांच्या बेटावर जन्मला, आपल्या रत्नागिरी शहराची वस्तीसुद्धा त्याहून जास्त. तिथे त्याच्यापुढे बेदी नव्हता. त्याच्यापुढे कोणीच नव्हतं. म्हणून पस्तिशीत तो सचिनला चेंडू टाकू शकला.

मी काही लेव्हरॉकला शिवलकरांच्या पंगतीला बसवत नाही, पान वाढायच्या आधीच लोक उठतील. पण कला तीच आहे. संथ डावखुरा गोलंदाज पोटावर चालत नाही, खांद्यावर आणि डोक्यावर चालतो. वेगवान गोलंदाजाला वीस पावलं पळून यायचं असतं. याला क्रीजवर उभं राहून वळायचं, मागचा पाय रोवायचा आणि मनगटाच्या वर चेंडू कुठे सोडायचा ते ठरवायचं. जाडा माणूस हे चाळिशीपर्यंत करू शकतो. अडचण येते ती क्षेत्ररक्षणात. म्हणून त्याला स्लिपमध्ये उभा करायचे. म्हणून तो झेल त्याच्याकडे गेला. कोणी ठरवून केलेली गंमत नव्हती ती, जाड्या माणसाला उभं करण्याची क्रिकेटमधली सर्वांत जुनी जागा आहे ती.

बाहेरचा पंच

वा, जुना गडी. एक भर. त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता आठवतंय? गस लोगी. वेस्ट इंडीजचा तोच छोटासा लोगी, ज्याला १९८६ मध्ये शारजाला पाकिस्तानविरुद्ध निव्वळ क्षेत्ररक्षणासाठी सामनावीर ठरवलं होतं. तीन झेल, दोन धावबाद. आपल्या हाताखालच्या सव्वाशे किलोच्या माणसाने तसा झेल घेतल्यावर त्याला सीमारेषेबाहेर काय वाटलं असेल!

कट्ट्यावरची

मला त्या झेलाबद्दल नेहमी एक गोष्ट खुपत आली आहे, ती लिहिते.

माझे बाबा एका बँकेच्या संघातून खेळायचे. चांगलेच जाड. मॅच संपल्यावर वडापावच्या गाडीवर सगळे त्यांच्या पोटाला हात लावून नमस्कार करायचे. बाबा हसायचे. घरी आल्यावर मात्र गप्प असायचे. ऑफस्पिन टाकायचे आणि बरी टाकायचे, पण त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात तीन भाषणं झाली आणि तिन्हींत त्यांचं जेवण. बळी एकाही भाषणात नाहीत.

२००७ ला लेव्हरॉकबद्दल जे छापून येत होतं ते वाचताना मला बाबाच आठवायचे. तो भारतीय हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्याला करी आवडते, टोपणनाव 'स्लगो', वजन किती, बूट केवढे. पीटरसनची विकेट काढली तर तिचं मथळ्यातलं स्थानसुद्धा वजनानंतर. बाबा सामना बघत होते तेव्हा झेलानंतर सगळं घर हसलं. बाबा म्हणाले, "हात बघा त्याचा. शेवटपर्यंत चेंडूवरून नजर काढली नाही त्याने." बस, एवढंच.

चौथी स्लिप

@कट्ट्यावरची, हेच मला लिहायचं होतं आणि जमलं नाही. पुतण्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "सॉरी काका" म्हणाला, मग पुन्हा क्लिप बघितली.

खडूस दादरकर

@कट्ट्यावरची, वडिलांना नमस्कार सांगा. कोणती बँक ते विचारत नाही, पण माझ्या ओळखीचे निघायचे.

तरी माझा मुद्दा उभाच आहे. एखाद्या खेळाडूवर अन्याय होऊ नये म्हणून विश्वचषकात एकतर्फी सामने भरवायचे का?

शुद्धिपत्र

@खडूस दादरकर, त्या एकतर्फी संघावरच तर २५ मार्चला आपण सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो! विसरलात?

२३ तारखेला श्रीलंकेने आपल्याला ६९ धावांनी हरवलं. आपले गुण दोन. आता बर्म्युडाने रविवारी बांगलादेशला हरवलं असतं तर तिघांचे गुण सारखे झाले असते आणि ४१३ च्या जोरावर धावगतीत आपणच पुढे गेलो असतो. म्हणजे शंभर कोटींचा देश पासष्ट हजारांच्या बेटाच्या भरवशावर. त्या दिवशी कोणी विचारलं नाही, हे इथे कशाला आलेत म्हणून.

पाऊस आला, सामना २१ षटकांचा झाला, बर्म्युडा ९ बाद ९४, बांगलादेश सात गड्यांनी जिंकला. आमच्याकडे एका मावशींनी दुपारीच सत्यनारायण बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलं.

कांदाभजी

हाहाहा, आमच्या ऑफिसात बर्म्युडाच्या विजयासाठी सोमवारी बर्म्युडा घालून यायचं ठरलं होतं. एच.आर.ने ईमेल काढला. मग सामनाच गेला.

आकडेमोडे काका

दादरकरांच्या प्रश्नाचं उत्तर आयसीसीने देऊन टाकलंय. २००७ ला १६ संघ होते. २०११ आणि २०१५ ला १४. २०१९ आणि २०२३ ला १०. भारत आणि पाकिस्तान दोघेही पहिल्या फेरीत बाहेर पडले, पैसा बुडाला, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून बांधबंदिस्ती झाली. शिक्षा मात्र ज्यांनी आपल्याला हरवलंच नाही त्यांनाही झाली. आता २०२७ ला पुन्हा १४ होणार आहेत.

एकतर्फी सामने म्हणाल तर ते फक्त छोट्यांचे नसतात. २०१५ ला दक्षिण आफ्रिकेने वेस्ट इंडीजला नेमक्या २५७ धावांनीच हरवलं. तेव्हा वेस्ट इंडीजला कोणी विचारलं नाही, तुम्ही जत्रेला आलात का.

खडूस दादरकर

बरं. अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

हॅमिल्टनकर

वाचनमात्र असतो इथे, पण आज लिहिणं भाग आहे. कामानिमित्त पाच वर्षं बर्म्युडात आहे (पुनर्विमा, इथे येणारे बहुतेक परदेशी त्याच धंद्यातले). लेव्हरॉकला कधी भेटलेलो नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण इथलं क्रिकेट म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे तो कुठून आला ते कळेल.

बेट जेमतेम चोपन्न चौरस किलोमीटरचं. नदी नाही, तळं नाही. घरांची छपरं पांढरी, चुन्याची आणि पायऱ्यापायऱ्यांची. पाऊस त्यावरून खालच्या टाकीत जातो आणि तेच पाणी वर्षभर प्यायचं. जागा इतकी मोजकी की मैदान म्हणजे चैन. तरीही इथे वर्षातले दोन दिवस अख्खं बेट क्रिकेटसाठी बंद असतं. अगदी सरकारी सुट्टी. त्याला 'कप मॅच' म्हणतात. बेटाच्या पश्चिम टोकाचा सॉमरसेट विरुद्ध पूर्व टोकाचा सेंट जॉर्जेस. १९०२ पासून चालू आहे. जुलै संपताना किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, गुरुवार-शुक्रवार. पहिला दिवस गुलामगिरी संपल्याच्या आठवणीचा. १८३४ मध्ये इथली गुलामी कायद्याने संपली, त्याचा आनंद साजरा करायला जमणाऱ्या लोकांतूनच हा सामना उभा राहिला. दुसरा दिवस आता मेरी प्रिन्सच्या नावाने आहे, इथेच गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे आपली कहाणी जगासमोर मांडणाऱ्या बाईच्या.

सामना दोन दिवसांचा असतो आणि अनिर्णित राहिला तर चषक ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एक संघ जिवावर उदार होऊन आणि दुसरा जीव मुठीत धरून खेळतो. बाहेर तंबू, मासे, शिंपल्यांचं सारण भरलेला भाजलेला 'पाय', संगीत. एका तंबूत 'क्राउन अँड अँकर' हा फाशांचा जुगार, आपल्या जत्रेतल्या झंडीमुंड्याचा सख्खा भाऊ. ऑफिसातला शांत हिशेबनीस त्या दोन दिवसांत ओळखू येत नाही, सॉमरसेटचे असले तर लाल-निळे आणि सेंट जॉर्जेसचे असले तर दोन छटांतले निळे. मला पहिल्याच वर्षी विचारलं, "तू कोणाचा?" मी म्हटलं, "पुण्याचा." चाललं नाही.

मुद्दा हा की, या लोकांना क्रिकेट जगाने शिकवलेलं नाही. जगाने यांच्याकडे तीन वर्षं बघितलं आणि मान वळवली, एवढंच. १९८२ ला हेच लोक आयसीसी ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात झिम्बाब्वेशी हरले. १९९४ ला चौथे आले आणि तेव्हा पहिले तीनच पुढे जायचे. २००५ ला पुन्हा चौथे, पण यावेळी पाच जायचे होते. लेव्हरॉकला विश्वचषक मिळाला त्यामागे ही पंचवीस वर्षं आहेत.

जुना गडी

@हॅमिल्टनकर, असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो. जत्रेचा शब्द दादरकरांनी वाईट अर्थाने वापरला आणि तुम्ही तो खरा करून दाखवलात.

बाहेरचा पंच

त्या संघात आणखी एक नाव होतं, डेव्हिड हेम्प. जन्म हॅमिल्टनचा, सगळी कारकीर्द इंग्लंडच्या काउंटीत, ग्लॅमॉर्गन आणि वॉरविकशरकडून. आपल्याविरुद्ध १५६ पैकी नाबाद ७६ त्याच्या. म्हणजे एक व्यावसायिक क्रिकेटपटू आणि त्याच्या बाजूला कैद्यांची व्हॅन चालवणारा, सतरा वर्षांचा पोरगा, रजा काढून आलेले नोकरदार. हेम्पची खेळी कोणाला आठवते? ती तर क्लिपमध्येही नाही.

आळशी मांजर

एक भाबडा प्रश्न. ज्याच्या चेंडूवर झेल गेला त्या पोराचं काय झालं? सतराव्या वर्षी विश्वचषकातल्या पहिल्याच चेंडूवर बळी, आणि क्लिपमध्ये त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही!

आकडेमोडे काका

@आळशी मांजर, धावफलकावर मात्र कायमचा आहे. 'उथप्पा, झे. लेव्हरॉक, गो. जोन्स, ३.' क्लिपमध्ये एकाचं नाव राहतं, धावफलकात तिघांचं.

चौथी स्लिप

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला.

ते शहाण्णव धावांचं दादरकरांनी काढलं ते मी मुद्दाम गाळलं नव्हतं, पण आता विचार केला तर आधी लिहायला हवं होतं. कारण मला त्यातच त्याचा गोलंदाजपणा दिसतो. सेहवाग, गांगुली, युवराज, सचिन. बांगलादेशकडून हरल्याचा सगळा राग घेऊन उतरलेले. खेळपट्टी पाटा. पाच षटकांनंतर कोणीही पोटरी धरून बाहेर गेला असता, आणि याच्या वजनाकडे बघून सगळ्यांनी विश्वासही ठेवला असता. हा दहाच्या दहा षटकं टाकतो. चेंडू हवेत देतो, कारण त्याला दुसरी गोलंदाजी येत नाही आणि त्याला ती करायचीही नाही. त्यातूनच गांगुली पुढे येतो आणि फसतो. सपाट, पायावर, धावा वाचवणारी गोलंदाजी टाकली असती तर ७० वर सुटला असता, गांगुली मिळाला नसता.

खडूस दादरकर

हे पटलं. उरलेला अर्धा मुद्दा पाव केला.

तसं म्हटलं तर आमचा एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ बॅटच्या खाली उभा राहून झेल घ्यायचा, २७ कसोटींत ५३ झेल. तो डावखुरी गोलंदाजी करायचा, मध्यमगती टाकायचा, फिरकी टाकायचा, वेळ पडली तर सलामीलाही जायचा. आज विचाराल तर लोकांना फक्त झेल आठवतात. म्हणजे लेव्हरॉक एकटा नाही. झेल हा प्रकारच तसा आहे, माणसाचं बाकीचं सगळं गिळतो.

जुना गडी

दादरकर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

हॅमिल्टनकर

अवांतर नाही, पुरवणी. लेव्हरॉकचा पुतण्या कमाऊ लेव्हरॉक हा बर्म्युडाचा अष्टपैलू खेळाडू, कर्णधारही झाला. तो मात्र जलद गोलंदाजी करतो आणि अंगाने सडपातळ आहे. इथे आडनाव ऐकल्यावर बाहेरून आलेले आम्ही लोक आधी पोटाकडे बघतो आणि मग ओशाळतो.

कांदाभजी

पुतण्यावरून सुरू झालेला धागा पुतण्यावर आला!

चौथी स्लिप

माझ्या पुतण्याचं ताजं वर्तमान: सोसायटीची मॅच आहे रविवारी, विवाहित विरुद्ध अविवाहित. चिरंजीव समोरच्या संघात. मला "काका, तुम्हाला पळायचं नाही ना, स्लिपला उभे राहा" असं विवाहितांच्या कप्तानाने सांगितलंय. टेनिस बॉलला स्लिप कसली, पण उभा राहणार. बर्म्युडा घालूनच.

आळशी मांजर

झेल सुटला तर इथे येऊन प्रामाणिकपणे लिहा. घेतलात तर मुके उडवत पळायचं, पार्किंगच्या गेटपर्यंत.